चित्र पुसण्याआधी भिंत तरी ओळखा

प्रति,
पुणे शहरातल्या सार्वजनिक भिंती, पुलांचे खांब, पदपथ आणि कलादालने ज्यांच्या अखत्यारीत येतात असे सर्व अधिकारी

विषय: मूक निषेधाच्या चित्रांवर फिरवलेला राखाडी रंग आणि त्यासंबंधीच्या मागण्या

महोदय, महोदया,

भिंती, खांब आणि भुयारी मार्ग ‘एकसारखे’ करण्याची मोहीम तुम्ही काढलीत. क्लासच्या, पेइंग गेस्टच्या आणि ‘आधार कार्डावर कर्ज’च्या चिठ्ठ्या आजही खांबांवर जागच्या जागी आहेत. भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकात आहेत. मग गेले काय? रिकामी खुर्ची गेली, तोंडावर पट्टी बांधलेला माणूस गेला, आटलेल्या नदीचे चित्र गेले, ज्यांवर एक अक्षरही नव्हते अशा माणसांच्या काळ्या छायाकृती गेल्या. या मोहिमेच्या आदेशात आणखी दोन कलमे आहेत. पदपथावर हातात चित्र घेऊन गप्प उभे राहायचे असेल, तर ध्वनिक्षेपकासह मिरवणुकीला लागते तीच परवानगी घ्यावी. आणि कलादालनाच्या अर्जाला ‘प्रदर्शनात राजकीय आशय नाही’ असे हमीपत्र जोडावे.

हे पत्र लिहिणारे आम्ही भिंती रंगवणारे, स्टेन्सिल कापणारे, स्क्रीन प्रिंटिंग करणारे आणि चित्रकला शिकवणारे लोक आहोत. आमचे पोट याच कामावर आहे. तुमच्या सुशोभीकरणाच्या भिंतीही आमच्यातल्याच काहींनी रंगवल्या आहेत. ढोल-ताशा, वारी आणि नथ घातलेली बाई जिकडे बघावे तिकडे आहे, त्यात आमचाही हात आहे. तेव्हा कोणता रंग कुठल्या भिंतीवर किती टिकतो आणि काढताना काय उखडतो, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. आमचे म्हणणे एका ओळीचे आहे: नियम पृष्ठभागाला आणि साहित्याला लावा, चित्राच्या अर्थाला लावू नका.

पहिली तक्रार कायद्याची. कारवाई महाराष्ट्र मालमत्ता विरूपणास प्रतिबंध अधिनियम, १९९५ या कायद्याखाली होते, असे सांगितले जाते. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्यातली जाहिरातीची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की शब्द, खूण, चित्र सगळे तिच्यात बसते. मान्य. पण मग ती सगळ्यांना सारखी लागली पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा होर्डिंग आणि फ्लेक्सविरुद्ध ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर आदेश दिले. त्यानंतरही चौकातला फ्लेक्स हलायला तक्रार, स्मरणपत्र आणि पुन्हा तक्रार लागते. खुर्चीचे चित्र मात्र एका रात्रीत जाते. फ्लेक्सवर नाव, चेहरा आणि पक्षाचे चिन्ह असते, म्हणजे विरूपण कुणी केले याचा पुरावा त्याच्यावरच छापलेला असतो. तरीही कारवाईसाठी निवड चित्राची होते. ही निवड कोण करतो आणि कोणत्या निकषावर करतो, हे कागदावर कुठेच नाही.

पोलिसांकडून दुसरे कलम पुढे केले जाते, महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३७. त्यात चित्रे, चिन्हे आणि फलक यांचा उल्लेख आहे हे खरे. पण तो वाक्याच्या शेवटापर्यंत वाचावा. सभ्यता किंवा नीतीला बाध आणणारी, राज्याची सुरक्षितता धोक्यात आणणारी चित्रे, असे तिथे म्हटले आहे. आटलेल्या नदीच्या चित्राने यातले नेमके काय होते, ते लेखी कळवा.

दुसरी तक्रार पुसण्याच्या पद्धतीची. इथे आम्ही थोडे लांबण लावणार आहोत, कारण नुकसान तुमच्याच मालमत्तेचे झाले आहे.

राखाडी रंग सरसकट फिरवला गेला. खाली काय आहे हे कुणी पाहिलेले दिसत नाही. शहरात ढोबळमानाने तीन प्रकारचे पृष्ठभाग आहेत: काळ्या दगडाच्या जुन्या भिंती, सिमेंटच्या गिलाव्यावर डिस्टेंपर मारलेल्या कुंपणभिंती, आणि पुलांचे उघडे काँक्रीट. तिन्हींची तब्येत वेगळी.

डिस्टेंपरच्या भिंतीवर तळहात घासून पाहा. पांढरी भुकटी हाताला लागली तर त्यावर मारलेला कोणताही इमल्शन भिंतीला चिकटत नाही, तो भुकटीला चिकटतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने किंवा पट्टीने खरवडायचे, धूळ झाडायची, प्रायमरचा एक हात द्यायचा, तो सुकला की रंग. मोहिमेत यातले काहीच झाले नाही. परिणाम असा की पहिल्या जोरदार पावसानंतर राखाडी थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि सुटताना खालचे मूळ डिस्टेंपरही घेऊन येतो. उरतो तो सिमेंटचा नकाशा. कुठल्या देशाचा, ते ज्याने त्याने ठरवावे.

दगडी भिंतीचे प्रकरण याहून गंभीर आहे. जुन्या भिंतींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या आहेत. पावसाळ्यात दगडामागची माती ओल धरते आणि ती ओल दर्जांवाटे बाहेर पडते. चुना श्वास घेतो म्हणून भिंत टिकते. त्यावर ऑइल पेंट मारला की वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार दर्जेच्या तोंडाशी जमतात, खार फुटतो, रंगाला फोड येतात आणि फोडाबरोबर चुना भुगा होऊन गळतो. मग कुणीतरी तो रंग काढायला ग्राइंडरवर तारेचे चाक लावतो. त्याने रंग निघतो, पण पाथरवटाने टाकीने घडवलेला दगडाचा चेहराही निघतो, आणि तो परत बसवता येत नाही. जोरदार दाबाच्या पाण्याने दगड स्वच्छ दिसतो खरा, पण दर्जा धुऊन जातात. ज्या चित्रासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्यातली कित्येक चित्रे खडूची आणि कोळशाची होती. बादलीभर पाणी आणि नारळाच्या काथ्याचा कुंचा एवढ्याने काम झाले असते. काही केले नसते, तरी पहिल्या पावसाने केलेच असते.

थोडक्यात, चित्र महिनाभर राहिले असते. तुमचा डाग काही वर्षे राहील.

आणि डाग बोलतो, हेही ध्यानात घ्या. पोलंडमध्ये लष्करी कायद्याच्या काळात सरकारविरोधी घोषणा पुसून भिंतीवर रंगाचे ठिगळ ठेवले जाई. १९८२ पासून व्रोत्स्वाफ आणि इतर शहरांत ‘ऑरेंज अल्टरनेटिव्ह’ या निषेध चळवळीच्या मंडळींनी नेमक्या त्या ठिगळांवर टोपीवाले बुटके काढायला सुरुवात केली. घोषणा कोणती होती हे सांगायची गरजच उरली नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधले मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचे भित्तिचित्र फेब्रुवारी १९३४ मध्ये फोडले गेले. त्याच वर्षी त्याने ते मेक्सिको सिटीत पुन्हा काढले, आणि आज लोक ते पाहायला रांग लावतात. फेब्रुवारी २००३ मध्ये इराकवरच्या चर्चेच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेबाहेर टांगलेल्या ‘गेर्निका’ या पिकासोच्या युद्धविरोधी चित्राच्या विणलेल्या प्रतीवर निळा पडदा टाकला गेला. तो पडदा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. खात्याला चित्र नको असेल तर नको असू दे, पण झाकल्याने ते कमी लोकांना दिसेल हा हिशेब आजवर कुणाचा जुळलेला नाही.

साओ पावलोतले २००६ चे उदाहरण तर तुमच्या विधी सल्लागारांनी जरूर पाहावे. अलेक्झांद्रे ओरिऑन या कलावंताने एका वाहतूक बोगद्याच्या काजळलेल्या भिंतींवर ओल्या फडक्याने हजारो कवट्या काढल्या. रंगाचा थेंबही नाही. फक्त काजळी पुसली. पोलीस आले, पण स्वच्छता करणे हा गुन्हा कसा लावणार? शेवटी प्रशासनाने बोगदा धुतला. आपल्याकडच्या उड्डाणपुलांच्या खांबांवर जेवढी काजळी आहे, तेवढ्यात असे पुष्कळ काम होईल. १९९५ च्या कायद्यात हे विरूपण ठरते की श्रमदान, याचे उत्तर तुमच्याकडे आहे का?

तिसरी तक्रार पदपथावरच्या मूक उभे राहण्याची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. हातात धरलेल्या चित्राचा आवाज शून्य. तरीही अर्जात ‘ध्वनिक्षेपकांची संख्या’ आणि ‘वाहनांची संख्या’ हे रकाने सक्तीचे आहेत, आणि रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो. या शहराने २५ सप्टेंबर २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चात लाखो माणसे एक घोषणा न देता रस्त्यावरून चालताना पाहिली आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली त्या पुलावर पुढे वर्षानुवर्षे दर महिन्याच्या २० तारखेला माणसे फलक घेऊन उभी राहिली. गप्प उभे राहणे म्हणजे काय, हे पुण्याला नव्याने शिकवायला नको. सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभ्या राहिलेल्या पण न गायलेल्या मुलांच्या बाजूने निकाल दिला. गप्प राहण्याला घटनेच्या १९व्या कलमाचे संरक्षण मिळू शकते, ते त्यामुळेच.

रस्ता अडतो, असे तुमचे म्हणणे असेल तर ते मोजता येते. भारतीय रस्ते परिषदेच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. चित्र घेतलेला माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहिला तर पाऊण मीटर जागा व्यापतो. म्हणजे साधारण अडीच मीटरचा पदपथ असेल तर कुणाचीही वाट अडत नाही. त्याहून अरुंद असेल तर तिथे नकार द्या, आम्ही वाद घालणार नाही. फक्त तोच टेप पदपथावर चढवलेल्या दुचाक्यांनाही लावा.

चौथी तक्रार हमीपत्राची, आणि ती लवकर आटोपते. राजकीय आशय कुठे सुरू होतो हे तुमचा लिपिक ठरवू शकत नाही. आम्हीही ठरवू शकत नाही. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची ‘जखमा’ ही १९७० च्या दशकातली मालिका घ्या. मातीच्या पाटीवर सुरीने, तापवलेल्या सळईने घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. हाती येतो तो पांढरा कागद, त्यावर पांढरेच व्रण. ना आकृती, ना मजकूर. हे राजकीय आहे की नाही? बंगालच्या दुष्काळावरची चित्तप्रसाद यांची १९४३ ची चित्रपुस्तिका ब्रिटिशांनी जप्त करून जवळजवळ सगळी नष्ट केली. तिच्यात उपाशी माणसांची रेखाटने आणि डोळ्यांनी पाहिलेल्या दुष्काळाची टिपणे होती. हमीपत्रावर सही घेऊन तुम्ही चित्रकाराला खोटे बोलायला किंवा फुलदाण्या काढायला लावता.

हे सगळे पुण्यात सांगावे लागते, याचे नवल वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये इथेच चित्रशाळा छापखाना काढला आणि शिळाछापाच्या चित्रांनी देवघराबरोबर इतिहासही भिंतीवर टांगला. गणपतीचे देखावे तर १८९३ पासून आजवर राजकारण बोलत आले आहेत. महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत कोणता विषय मांडवात आला नाही? त्या मांडवांना तुम्ही एका खिडकीवर परवानगी देता, आणि ते योग्यच आहे. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पन्नासेक वर्षे तोंडातून शब्द न काढता दिल्लीकडे बघत राहिला. त्याचा ब्राँझचा पुतळा याच शहरात, सिंबायोसिसच्या आवारात उभा आहे. पुतळा चालतो, मग भिंतीवरचा गप्प माणूस का चालत नाही?

आता आम्ही काय पाळायला तयार आहोत ते. नुसते मागत बसणे आम्हालाही पटत नाही.

दगडावर आणि वारसा वास्तूंवर काहीही चिकटवायचे किंवा फवारायचे नाही. तिथे फक्त खडू किंवा कोळसा, तोही कोरीव काम, शिलालेख आणि मूर्ती सोडून. स्प्रेचा एनॅमल दगडाच्या छिद्रांत उतरतो आणि रसायनाने काढायला गेले की आणखी खोल जातो, म्हणून त्याला साफ मनाई असावी, आमच्याही माणसांना.

पोस्टर लावायचे तर मैद्याच्या खळीनेच. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग पाच-सहा वाट्या उकळत्या पाण्यात सोडून मंद आचेवर काचेसारखी चमक येईपर्यंत ढवळायचे. टिकाऊपणासाठी अनेक जण मोरचूद घालतात. तो घालू नये. पुण्यात गायी खळीचे पोस्टर चाटतात, कागदासकट खातात, आणि मोरचूद विषारी आहे. चिमूटभर तुरटी पुरते, खळ दोन-तीन दिवस राहते. कागद वर्तमानपत्राच्या जाडीचा घ्यावा. जाड आर्ट पेपर ओला झाला की स्वतःच्या वजनाने खाली येतो. काढताना कोमट पाणी मारून पंधरा-वीस मिनिटे थांबायचे आणि लाकडी पट्टीने सोलायचे. फेव्हिकॉलने लावलेले पोस्टर असे निघत नाही, भिंतीचा रंग घेऊनच निघते. म्हणून फेव्हिकॉलला बंदी घाला, आमची हरकत नाही.

स्टेन्सिल फक्त काँक्रीटच्या खांबांवर, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने: चाळलेला गेरू किंवा खडूची भुकटी, बांधायला थोडा डिंक. हा रंग दाट ठेवून स्पंजने टिपायचा. पातळ झाला की स्टेन्सिलखाली शिरतो आणि कडा फुटतात. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे स्टेन्सिल सगळ्यात चांगले निघते. जाता जाता सांगतो, मूक चित्रांत अक्षरे का नसतात याला एक कारण हत्याराचेही आहे. देवनागरीत व, ब, क, प यांची पोटे बंद. ती कापली की मधला तुकडा गळून पडतो, म्हणून पाच-सहा मिलिमीटरचे सांधे सोडावे लागतात. शिरोरेखा सलग कापली तर लांब फट पडून फिल्म वाकते आणि तिथूनच रंग झिरपतो. प्रत्येक अक्षरापाशी ती तोडावी लागते. एवढे करून ओळ वाचता येईपर्यंत माणसाची आकृती दहा खांबांवर होऊन जाते. अर्जेंटिनात २१ सप्टेंबर १९८३ ला लष्करी राजवटीने गायब केलेल्या माणसांसाठी ब्यूनस आयर्सच्या भिंतींवर पूर्ण मापाच्या कागदी छायाकृती लावल्या गेल्या, त्याही अशाच सोप्या रीतीने: एकाने कागदावर आडवे व्हायचे, दुसऱ्याने कडेने रेघ मारायची.

आमच्या मागण्या:

१. राखाडी रंगाची मोहीम आजच्या आज थांबवावी. दगडी भिंतींवर मारलेला ऑइल पेंट ग्राइंडर न वापरता, वारसा जतनातल्या जाणकारांच्या देखरेखीखाली काढावा आणि गेलेल्या दर्जा चुन्यानेच भराव्यात. सिमेंटने भरू नयेत. सिमेंट चुन्यासारखी ओल बाहेर सोडत नाही आणि ओल पुन्हा आतच कोंडते.

२. कोणतेही चित्र काढण्याआधी त्याचा फोटो, जागा, तारीख, काढण्याचे कारण आणि आदेश देणाऱ्याचे पद यांची नोंद करून ती संकेतस्थळावर टाकावी. सात दिवस हरकतीला द्यावेत. ज्यात धमकी, एखाद्या समाजाबद्दल द्वेष किंवा कुणा व्यक्तीची बदनामी असेल ते लगेच काढा. त्यालाही हीच नोंद ठेवा.

३. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत काँक्रीटचे काही खांब आणि किमान एक लांब भिंत मोकळी ठेवावी. तिथे साहित्याचे नियम असतील, विषयाचे नसतील. चित्र तीस दिवस राहील, मग ज्याने काढले त्यानेच पुसायचे. न पुसल्यास खर्च त्याच्याकडून वसूल करा.

४. ध्वनिक्षेपक आणि वाहन नसलेल्या, १.८ मीटर वाट मोकळी ठेवणाऱ्या मूक उभे राहण्याला परवानगीऐवजी फक्त पूर्वसूचना पुरेशी असावी. जप्त केलेली चित्रे पंचनाम्याच्या प्रतीसह परत मिळावीत. कॅनव्हास गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची असते. आत ठेवली की थर चुरगळून तडे जातात. गोदामातल्या कर्मचाऱ्यांना एवढे तरी सांगा.

५. कलादालनाचे हमीपत्र रद्द करावे.

६. विरूपणाच्या कायद्याखाली गेल्या वर्षभरात फ्लेक्सवर किती कारवाया झाल्या आणि हाताने काढलेल्या चित्रांवर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी जाहीर करावेत.

पहिल्या मागणीसाठी मनुष्यबळ कमी पडत असेल तर कळवा. चुन्याच्या दर्जा भरणारे गवंडी आमच्या ओळखीचे आहेत, आणि खरवडायला आम्ही स्वतः येऊ. पावसाच्या आत काम व्हायला हवे, कारण चुन्याला ओलसर ठेवून सावकाश घट्ट व्हायला काही आठवडे लागतात. उत्तर लेखी द्यावे आणि तेही सर्वांना वाचता येईल असे द्यावे.

आपले,
पुण्यातले भिंती रंगवणारे, स्टेन्सिल कापणारे, छपाई करणारे आणि चित्रकला शिकवणारे